चेसिस नंबरच्या शेजारी

रांजणगावच्या एका कारखान्याच्या फाटकावर मी सव्वीस वर्षं काढली. सुटी झाली की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडून बघायची, डब्याचं झाकण काढायला लावायचं, कमरेला हात फिरवायचा. एकदा कारेगावात खोली करून राहणाऱ्या एकाने भाकरीच्या चवडीत दोन बेअरिंग घालून चालवली होती, ती मी पकडली. त्या दिवसापासून मी घरची भाकरीसुद्धा उलटून बघतो. लोक मला संशयी म्हणतात. म्हणोत. मी तपासतो, एवढंच.

आमची रंगूबाई, म्हणजे माझी बायको, यावर बोलायची संधी सोडत नाही. "देवाला निवद दाखवून झाला की ह्ये वाटी निरखून बघत्यात," ती पाहुण्यांना सांगते, "देवानं किती खाल्ला म्हून." पाहुणे हसतात. मीही हसतो, पण जास्त कोण हसलं ते लक्षात ठेवतो.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीने, शितलने, मागच्या वर्षी जपानमधून फोन केला. पाच वर्षं ती तिथे म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात सेवेची नोकरी करत होती.

"आबा, मी परत येतीया. कायमची," ती म्हणाली. "आन् गाडी घिऊन येतीया."

"कसली गाडी?"

"माझी मोटरसायकल. जहाजानं येईल. मी आधी, गाडी मागनं."

मी फोन रंगूबाईकडे दिला आणि ओट्यावर जाऊन बसलो. समोर शेवंती फुलली होती, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. जुनी मोटरसायकल समुद्रापलीकडून आणायची? तीही कस्टमचा कर भरून? तो कर गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, असं तिनेच सांगितलं. तेवढ्या पैशात शिरूरच्या शोरूममधून नवी कोरी आली असती. कारखान्याच्या फाटकावर मी एक गोष्ट शिकलो होतो. जो माणूस रिकामी पिशवी फार जपून नेतो, त्याची पिशवी आधी उघडायची.

मी पुन्हा फोन लावला. "ही गाडी तुला दिली कुणी?"

"मीच घेतली आबा. तीन वर्षं झाली. तुमाला दाखवली हुती की."

दाखवली होती, हे खरं. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि मी पहिलं वाक्य म्हणायचो, "कॅमेरा फिरव." ती बिचारी फिरवायची. हे कपाट, ही खिडकी, हा दरवाजा, ह्या चपला. चपला एकाच जोडीच्या आहेत ना, ते मी बघून घ्यायचो. एकदा खिडकीतून खाली उभी असलेली हिरवी मोटरसायकल दिसली होती. कुणाची म्हणून मी विचारलं, ती माझी म्हणाली, आणि मी दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न फिरवून विचारून खात्री केली होती.

ती आली. विमानतळावर रंगूबाई तिच्या गळ्यात पडून रडली. मलाही भरून आलं, पण माझं लक्ष तिच्या सामानाकडे गेलं. एकच बॅग होती. कायमचं येणारं माणूस एका बॅगेत येतं का?

महिन्याभराने पिकअपमधून लाकडी खोका आला. आमच्या कवठे येमाई गावात असा खोका कुणी पाहिलेला नव्हता. अर्धी आळी गोळा झाली. खिळे उपसून फळ्या काढल्या तर आत पट्ट्यांनी आवळलेली गाडी, पुढचं चाक काढून ठेवलेलं, हँडल आडवं बांधलेलं आणि अंगभर गंज लागू नये म्हणून चोपडलेलं मेणकट ग्रीस. रंगूबाईने त्या ग्रीसवरच हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि गाडीच्या टाकीवरून हात फिरवून तो हात कपाळाला लावला. शितल आईकडे बघून हसत होती. मी मीटर बघत होतो.

"एकतीस हजार किलोमीटर?"

"व्हय."

"तुझं काम खोलीपासनं सहा किलोमीटर. जाऊन येऊन बारा. तीन वर्षं सुट्टी न धरता रोज गेलीस तरी तेरा हजार. बाकीचे अठरा हजार कुठं गेलीस?"

"आबा," ती म्हणाली, "समुद्र बघाया जायची. सुट्टीला."

"एकटी?"

"एकटी."

मी खाली वाकलो. मागे बसणाऱ्याच्या फूटरेस्टचं रबर पार झिजलेलं होतं. मी त्याला बोट लावलं आणि तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता पकडली.

"मी घेतली तवाच सेकंडहँड हुती," ती शांतपणे म्हणाली. "आधीच्या मालकाची बायको बसत आसंल."

गोळा झालेली माणसं हसली. रंगूबाई तर पदर तोंडाला लावून हसली. मला राग आला. उत्तर बरोबर होतं आणि बरोबर उत्तराचा मला नेहमीच राग येतो.

त्या दिवशी जेवताना शितलने मला नीट समजावून सांगितलं. बाहेर दोन वर्षांहून जास्त राहून जो कायमचा परत येतो, त्यालाच स्वतःची वापरलेली एक गाडी आणता येते. तसं लिहून द्यावं लागतं. "म्या लिहून दिलंय, कायमची चालले म्हून. आन् दोन वर्षं ती इकताबी येत न्हाई. मला कारेगावला कंपनीत दुभाष्याचं काम मिळतंय. जपानी साहेब आल्यात तिथं. रोज हितनं जाईन गाडीवर."

"बरं," मी म्हणालो.

आता खरं सांगतो, कारण इथवर आल्यावर खोटं सांगण्यात अर्थ नाही. मला तिचा एक शब्दही पटला नव्हता. पोरगी पाच वर्षं परक्या देशात राहिली, तिथल्या समुद्राला हजारो किलोमीटर गाडी मारून आली, ती कवठ्यात शेवंतीच्या वाफ्यात राहील? मला वाटायचं, ही चार महिने इथे काढील, ही परदेशी गाडी पुण्यातल्या कुठल्यातरी शौकिनाला विकील आणि त्या पैशात विमानाचं तिकीट काढील. ती पहिल्यांदा गेली तेव्हा मी तीन दिवस जेवलो नव्हतो. हे रंगूबाईशिवाय कुणाला माहीत नाही. पुन्हा तसं व्हायला नको होतं.

गाडी जोडायचा प्रश्न आला तेव्हा शितलने एक नाव काढलं. हनुमंत. राहू गावचा पोरगा. जपानला तिच्याच गावात मोटरसायकलच्या वर्कशॉपमध्ये चार वर्षं होता, आता परत येऊन राहूला गॅरेज टाकलंय. "ह्या गाडीचं काम त्याच्याबिगर हितं कुणाला येणार न्हाई," ती म्हणाली.

एकाच गावात! माझ्या डोक्यात फाटकावरची घंटा वाजली. एवढ्या मोठ्या जपानमध्ये हे दोघे एकाच गावात, आणि आता गाडी थेट त्याच्या दारात. रंगूबाईला मी म्हणालो, "काळंबेरं हाय." ती म्हणाली, "तुमच्या डोळ्यात हाय. काजळ पुसा."

गाडी जायची त्याच्या आदल्या दिवशी शितल कंपनीत मुलाखतीला गेली होती आणि रंगूबाई फुलं तोडायला. मी घरात एकटाच होतो. गाडी पडवीत उभी होती आणि मला एकच विचार सुचत होता. ही वस्तू उद्या परक्याच्या घरी चालली आहे.

आमच्याकडे परक्याच्या घरी वस्तू द्यायची एक रीत आहे. गावात कुणाकडे लग्न निघालं की पातेली, पराती, हंडे मागायला येतात. नकार देता येत नाही. पण नाव घातल्याशिवाय भांडं उंबऱ्याबाहेर जात नाही. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर 'सोपान बाबूराव म्हेत्रे, कवठे' असं कोरलेलं आहे, चमच्यापासून बंबापर्यंत. रंगूबाईच्या माहेरून आलेल्या हंड्यावरही तेच आहे. नाव असलं की भांडं बदलत नाही, विकलं जात नाही आणि फिरून घरीच येतं. तीस वर्षांत आमची एक वाटी गेलेली नाही.

मी स्कूटर काढली, शिरूरला भांड्यांच्या दुकानात गेलो आणि तिथल्या नावं घालणाऱ्याला मागे बसवून घेऊन आलो. त्याने विजेवरचं बारकं मशीन पिशवीत घेतलं होतं. गाडी बघून तो जरा बिचकला.

"आबा, भांड्यावर घालतो मी. गाडीवर कवा घातलं न्हाई."

"लोखंडच हाय. घाल."

"कुठं घालू?"

त्याचा विचार मी वाटेतच करून ठेवला होता. इंजिनवर घातलं तर इंजिन बदलतील. टाकीवर घातलं तर टाकी रंगवतील. पण हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर चेसिस नंबर ठोकलेला असतो, तो कुणी बदलत नाही. म्हणून नाव नंबरच्या शेजारीच हवं. नंबर नावाचा साक्षीदार, नाव नंबराचं. माझ्या या हुशारीवर मी इतका खूश होतो की ग्रीस मीच पुसून जागा करून दिली.

"आबा, जागा कमी हाय. नाव लांबडं हाय तुमचं."

"बारीक घाल. पण पुरं घाल."

आणि त्याने विचारलं, "ताईंचं घालू का तुमचं?"

मी म्हणालो, "घरात नाव कुणाचं असतं?" त्याने सवयीप्रमाणे आधी एक सरळ रेघ ओढली, मग एकेक अक्षर तिला लटकवलं. रेघ ओढताना मशीन जरा पुढे गेलं. तो थांबला. "नंबराला थोडकं लागलं वाटतं. चालंल का?"

मी चष्मा लावून बघितलं. शेवटच्या दोन आकड्यांवरून रेघ गेली होती. "चालंल," मी म्हणालो. वर पुन्हा ग्रीस चोपडलं आणि त्याला चहा पाजून परत सोडून आलो. त्या रात्री मला फार चांगली झोप लागली.

दुसऱ्या दिवशी गाडी पिकअपमधून राहूला गेली. न्हावऱ्यावरून, पारगावच्या पुलावरून. मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो आणि दर दहा मिनिटांनी मागे वळून बघत होतो. राहूत शिरलं की गुऱ्हाळांचा गोड धूर येतो. हनुमंतचं गॅरेज अशाच एका गुऱ्हाळाच्या अंगाला होतं. पोरगा तिशीचा, गोरटेला, हात मात्र काळे. शितलला बघून म्हणाला, "या शितलताई." ताई म्हणाला, हे मी टिपलं. फाटकावरून माल काढणारेही मला मामाच म्हणायचे.

तेवढ्यात आतून एक बाई कडेवर पोर घेऊन चहा घेऊन आली. त्याची बायको, पिंकी. म्हणजे तो एक संशय गेला. पण रिकामी जागा माझ्या डोक्यात टिकत नाही. लगेच वाटलं, मग हा फुकट एवढा गोड का बोलतो? नक्कीच याला आतले पार्ट हवे आहेत.

पुढचे पंधरा दिवस मी एक दिवसाआड राहूला जात होतो. निमित्त म्हणून पिशवीत कांदे, मेथी, शेवंतीची फुलं. स्टुलावर बसायचं आणि बघत राहायचं. त्याने काढलेला प्रत्येक नट कुठे ठेवला, ते मी पाठ करायचो. जुनी बॅटरी काढली तेव्हा मी ती पिशवीत घालून घरी आणली. रंगूबाईने विचारलं, "हिचं काय करू? भाजी?"

शितलला माझ्या या फेऱ्या कळत होत्या. एकदा मी गेलो नव्हतो तेव्हा तिनेच गॅरेजमधून व्हिडिओ कॉल केला. मी काही म्हणायच्या आत तिने कॅमेरा फिरवला. हे इंजिन, हा साखळीचा डबा, हा हनुमंत, ही पिंकी, हे दार. मी "बरं" म्हणालो. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. आता आठवलं की मान खाली जाते.

एक दिवस हँडल बसवता बसवता हनुमंत थांबला. त्याने कापडाने मान पुसली, वाकून बघितलं आणि माझ्याकडे वळला.

"मामा, हितं हँडलखाली एक—"

"हँडलखाली काय हाय ते मला ठाव हाय," मी म्हणालो. "तू तुझं काम कर."

"पण मामा, नंबराच्या—"

"कर म्हणलं ना!"

त्याने मान खाली घातली. मला वाटलं, नाव दिसल्यावर याची पंचाईत झाली. आता हा काही लांबवायला धजणार नाही. मला मनातून आनंद झाला. पुढे त्याने काही विचारलं नाही.

मग गाडी पास करायचा दिवस आला. नंबर पडायच्या आधी आरटीओचे साहेब गाडी तपासतात. सकाळी मैदानात रांग होती, मी, शितल आणि हनुमंत, आम्ही तिघेही उभे होतो. शितलच्या हातात कागदांची जाड फाइल. नोकरी पक्की झाली होती, सोमवारपासून हजर व्हायचं होतं. गाडी धुतल्यावर अशी झळकत होती की पलीकडचे रिक्षावालेही येऊन बघून जात होते. शितल मला म्हणाली, "आबा, पयली चक्कर तुमाला." विकायची असती तर असं म्हणाली असती का? एका क्षणापुरता माझा सगळा संशय विरघळला. मी तिच्या पाठीवर हात ठेवणार होतो.

साहेब आले. तरुण होते, सभ्य होते. लाइट बघितले, हॉर्न बघितला, कागद चाळले. मग खाली वाकून त्यांनी मानेवर उरलेलं ग्रीस फडक्याने पुसलं, पेन्सिल आडवी धरून चेसिस नंबरवर घासली, त्यावर चिकटपट्टी दाबली आणि उचलली. तोच छाप फॉर्मवर चिकटवायचा असतो. पट्टी उजेडात धरून ते बराच वेळ बघत राहिले.

"इथे छेडछाड झालीय," ते म्हणाले.

बास. मी पंधरा दिवस ज्या शब्दाची वाट बघत होतो, तोच शब्द. मी पुढे झालो.

"मला म्हाईतच हुतं! सायेब, ह्यो हनुमंत. ह्याच्याच गॅरेजात हुती गाडी. ह्यानंच इंजन बदललंय. मी पयल्यापासनं सांगतोय, ह्याचं लक्षण बरं न्हाई—"

"आबा!" शितल ओरडली.

हनुमंतचा चेहरा पांढरा पडला. साहेबांनी हात वर केला.

"इंजिन ठीक आहे, काका. मी चेसिस नंबरबद्दल बोलतोय." त्यांनी ती पट्टी फॉर्मवर चिकटवली आणि फॉर्म आमच्यासमोर धरला. पेन्सिलीच्या करड्या छापात नंबर उमटला होता. शेवटचे दोन आकडे रेघेने कापलेले, ते तीन आहेत की आठ, कळत नव्हतं. आणि त्या रेघेखाली, स्वच्छ, बारीक, एकही काना न चुकता माझं नाव होतं.

"सोपान बाबूराव म्हेत्रे, कवठे," साहेबांनी वाचलं. "हे कोण?"

हनुमंत म्हणाला, "सायेब, त्ये माझ्याकडनं काम करताना—"

"हनुमंत, गप ऱ्हा," शितल म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. राग असता तर मी सोसला असता.

"मी," मी म्हणालो. "मी हाय त्यो. म्या घातलं."

साहेबांनी नीटच समजावलं. कस्टमच्या कागदावरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर स्पष्ट जुळल्याशिवाय नोंदणी होणार नाही. आता तज्ज्ञांकडून तपासणी, गाडी बनवणाऱ्यांचं जपानहून पत्र, आणि नाव कुणी आणि का कोरलं याचं त्या माणसाचं प्रतिज्ञापत्र. किती दिवस? सांगता येत नाही. सहा महिने, वर्ष. कदाचित होणारही नाही.

पिकअपमध्ये गाडी पुन्हा चढवली. मी हनुमंतचा हात धरला. "बाळा, चुकलो मी."

"मामा, म्या बघितलं हुतं तवाच," तो म्हणाला. "तुमी म्हणाला ठाव हाय, म्हून वाटलं ताईंनाबी ठाव आसंल." एवढं बोलून तो समोर बघत राहिला.

घरी येऊन पडवीत गाडी लावल्यावर शितलने बॅटरीच्या टॉर्चने ती मान बघितली. बराच वेळ बघितली.

"गाडी माझी. पैसं माझं. आन् नाव तुमचं," ती म्हणाली.

रंगूबाई दारात उभी होती. ती काही विनोद करील असं मला वाटलं. तिने केला नाही. आत जाऊन तिने तिच्या माहेरचा हंडा उचलला आणि नावाची बाजू भिंतीकडे करून ठेवला.

सोमवारी सकाळी देव्हाऱ्यात, येमाई देवीच्या टाकाशेजारी शितलचा पासपोर्ट होता. "हितं ठिवलाय," ती म्हणाली. "तुमाला तपासाया बरा." मग ती एसटीने कारेगावला कामावर गेली. दोन गाड्या बदलून जायचं, दोन बदलून यायचं. आभाळ पेटल्यासारखी उन्हं पडली तरी ती तशीच जात होती. गाडी पडवीत गोणपाटाखाली उभी होती. मी तिच्या बाजूने जाणं टाळायचो. आणि सांगायला लाज वाटते, पण रोज संध्याकाळी देव्हाऱ्यात हात जोडताना मी डोळा किलकिला करून पासपोर्ट आहे ना बघायचोच. तो रोज तिथेच असायचा.

प्रतिज्ञापत्राला आम्ही शनिवारी शिरूरला गेलो. तिला सुट्टी होती. कचेरीबाहेर टपरीत एक टायपिस्ट बसतो, आता त्याच्याकडे कॉम्प्युटर आहे. शितल बाकावर माझ्या शेजारी बसली. मधे तिने फाइल ठेवली होती.

"मी, सोपान बाबूराव म्हेत्रे, वय एकोणसत्तर, धंदा शेती," टायपिस्ट बोलत बोलत लिहीत होता. "सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की... माझ्या मुलीच्या मोटरसायकलवर मी स्वतः माझं नाव कोरून घेतलं. कारण?"

"चोरीच्या भीतीनं," मी म्हणालो.

तो टाइप करू लागला. शितल रस्त्याकडे बघत होती. समोरून उसाची ट्रॉली चालली होती. मला एकाएकी त्या बेअरिंगवाल्याची आठवण झाली. पकडल्यावर तोही भाकरीकडे बघत म्हणाला होता, कशी आली काय माहीत.

"थांबा," मी म्हणालो. "खोडा त्ये."

"मग काय लिहू आबा?"

"लिवा, माझी मुलगी ही गाडी इकून पुन्हा परदेशी निघून जाईल, असा मला संशय हुता. म्हून घातलं. चोराचं काय न्हाई त्यात. हनुमंताचंबी न्हाई."

टायपिस्टने हात कीबोर्डवरून उचलले. "असं लिहीत नाहीत हो. हे सरकारी कागदावर शोभत नाही."

"लिवा. प्रतिज्ञेवर लिवायचंय ना?"

शितल वळली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत होती. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधा होता.

"आबा, पाच वर्षं रोज फोनवर कॅमेरा फिरव म्हणाला. कपाट बघितलं, चपला बघितल्या. कवा परत येतीस, एवढं एकदाबी न्हाई इचारलं. म्या रोज वाट बघायची, आज इचारतील म्हून."

मी आठवून बघितलं. पाच वर्षांचे फोन, एकेक करून. तपासायची मला सवय आहे. ती खरं बोलत होती. नाही विचारलं. 'नाही' ऐकायची मला भीती होती.

"आता इचारू का?" मी म्हणालो.

"काय?"

"ऱ्हाशील का?"

तिने फाइल उचलून मांडीवर घेतली आणि माझ्या बाजूला सरकली. मग माझ्या हातावर हात ठेवला, आणि मी तो हात उलटून बघितला नाही.

टायपिस्टने खाकरून विचारलं, "मग, कारण काय लिहू?"

"आबा म्हणत्यात तेच लिवा," शितल म्हणाली. "आन् त्यांच्या नावाला खाली जागा ठिवा. हितं लागतंय त्ये."